एकाच खात्यात सगळा संसार

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने आपल्या साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत केलेले दोन कोटींच्या आसपास शोध इंटरनेटवर खुले करून टाकले. संशोधकांना ते उपयोगी पडतील, असा हेतू होता. नावे अर्थातच काढली होती. प्रत्येक ग्राहकाच्या जागी फक्त एक क्रमांक ठेवला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातला एक क्रमांक उचलला आणि काही दिवसांतच ते जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावी, बासष्ट वर्षांच्या एका विधवा बाईंपर्यंत पोहोचले. बाईंनी आपले नाव-गाव कुठेही लिहून दिलेले नव्हते. बोटे बधिर होतात त्यावर उपाय काय, कुत्रा घरभर घाण करतो त्याचे काय करावे, गावात बागकाम करून देणारे कोण आहेत, अमुक आडनावाची माणसे कुठे राहतात, असलेच त्यांचे शोध होते. सुटा घेतला तर यातला एकही शोध कुणाच्या कामाचा नाही. ते सगळे एकाच क्रमांकाखाली एकत्र आले म्हणून बाई सापडल्या. गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांना पर्याय शोधायला निघालेल्या माणसाने या प्रसंगातून एक गोष्ट घ्यावी. माहितीच्या तुकड्यांपेक्षा त्यांची जोड महत्त्वाची असते, आणि आपण तोडायची आहे ती ही जोड.

मोठ्या कंपन्यांना हे आपल्याआधी कळलेले आहे. १ मार्च २०१२ रोजी गूगलने आपल्या निरनिराळ्या सेवांची साठाहून अधिक धोरणे गुंडाळून एकच धोरण आणले. मेल, यूट्यूब, नकाशे, शोध अशा सगळ्या ठिकाणची माहिती एका माणसाच्या नावे एकत्र करण्याची वाट त्याने मोकळी झाली. इतर संकेतस्थळांवर जाहिराती पुरवणारे डबलक्लिक हे जाळे गूगलच्याच मालकीचे. तिथली माहिती ग्राहकाच्या ओळखीशी जोडणार नाही, ही हमी २०१६ मध्ये धोरणातून फारसा गाजावाजा न करता निघून गेली. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घेतले तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीने जुळवता येणार नाहीत, असे युरोपीय आयोगाला सांगितले होते. दोन वर्षांत ती जुळवायला सुरुवात झाली. दिशाभूल केल्याबद्दल मे २०१७ मध्ये आयोगाने ११ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, तोही व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याची अट ‘मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ अशा थाटात लादल्याबद्दल. मेटाने त्यावर अपील केले, तो भाग वेगळा. सांगायचे ते इतकेच, की कंपन्यांचा आणि नियामकांचा खरा झगडा गेली दहा-बारा वर्षे या जोडणीवरच चालला आहे. मग सामान्य माणसाने आपली शक्ती दुसरीकडे कशाला खर्च करावी?

एकदा हे मनात पक्के झाले की रूढ सल्ल्यातला दोष दिसू लागतो. ‘गूगल टाकून द्या आणि सगळे अमुक कंपनीकडे हलवा’ असे सांगितले जाते. ती अमुक कंपनी बहुधा स्वित्झर्लंडची प्रोटॉन असते. तिचा मेल चांगला, कॅलेंडर चांगले, फायली ठेवायची जागा चांगली, पासवर्ड सांभाळणारे ॲपही चांगले. पण हे सगळे तिच्याचकडे नेले तर एका छपराखालून निघून दुसऱ्या छपराखाली गेलो एवढेच होईल. छप्पर अधिक भल्या माणसाचे असेल. तरी किल्ली पुन्हा एकाच्याच हातात. आणि एका हातातली किल्ली हा केवळ टेहळणीचा प्रश्न नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी लहान मुलाचे फोटो डॉक्टरांकडून मागणी आली म्हणून पाठवले; गूगलच्या यंत्रणेने ते बालकांच्या लैंगिक शोषणाचे ठरवून खाते बंद केले. त्याच्याबरोबर मेल गेला, वर्षानुवर्षांचे फोटो गेले, गूगलकडूनच घेतलेला फोन नंबरही गेला. पोलिसांनी तपास करून त्याला निर्दोष म्हटले, तरी खाते परत मिळाले नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०२२ मध्ये ही हकीकत छापली. मोठ्या संस्थांचीही यातून सुटका नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या मायक्रोसॉफ्टवरच्या सेवा जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर एकाएकी थांबल्या, आणि त्या सुरू व्हायला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्यासारख्याला ती पायरीही परवडणारी नाही.

म्हणून या लेखात पुढे जे सांगितले आहे त्याचे सूत्र असे आहे: कामे वाटून द्यावीत, शक्यतो जाहिरातींवर न जगणाऱ्यांना द्यावीत, आणि जिथे देऊ तिथून आपले सामान कधीही उचलता येते का, हे आधी पाहून घ्यावे. शंभर टक्के सुटका हे उद्दिष्ट नाही. तशी सुटका स्मार्टफोन वापरणाऱ्या, बँकेचे ॲप लागणाऱ्या आणि मुलांच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असलेल्या माणसाला मिळतही नाही. ज्यांना ती हवी असते ते पंधरा दिवस उत्साहाने सगळे बदलतात आणि सोळाव्या दिवशी मुकाट्याने परत येतात.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, की आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो गुन्हा लपवता यावा म्हणून ठरवलेला नाही. आपले घर, शरीर, नाती, मते यांबद्दल कुणाला किती कळावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा, असा त्याचा रोख आहे. त्या बाईंचा बधिर बोटांचा शोध गुन्हा नव्हता; विमा कंपनीला तो कळावा, अशी मात्र कुणाचीच इच्छा नसेल. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: जे जायचे ते गेलेच, आता दार लावून काय उपयोग? उपयोग असा, की ही माहिती शिळी होते. पाच वर्षांपूर्वी आपण कोणत्या गावात राहत होतो आणि कोणती गाडी पाहत होतो याला जाहिरातदाराच्या लेखी फारशी किंमत नाही. गेल्या महिन्यात काय पाहिले याला आहे. आजपासून ओघ कमी केला तर जुना साठा आपोआप निकामी होत जातो.

सुरुवात ब्राउझरपासून करावी, कारण तिथे कष्ट सर्वांत कमी आणि फायदा सर्वांत जास्त. बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोम आधीच असतो आणि त्यात आपण आपल्या गूगल खात्याने शिरलेले असतो. फायरफॉक्स घ्यावा आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे विस्तार-साधन बसवावे. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही ते चालते. क्रोममध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे ज्यांनी फोनवर वाचली आहेत, त्यांना हे साधन पहिल्या मिनिटाला पटेल: बातमीच्या चार ओळींमधून उसळणाऱ्या जाहिराती जातात, पान लवकर उघडते, डेटाही वाचतो. क्रोम काढून टाकायची गरज नाही. गूगलच्या खात्याने जे करायचे ते क्रोममध्ये करावे, बाकी सगळे वाचन-शोध फायरफॉक्समध्ये, तिथे गूगलमध्ये लॉगिन न करता. एवढ्यानेच मोठी जोड तुटते. क्रोमच्या ‘इन्कॉग्निटो’वर मात्र विसंबू नये. ती खिडकी फोनमधला इतिहास लपवते, समोरच्या संकेतस्थळापासून काही लपवत नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत चाललेल्या दाव्यात गूगलने गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे २०२४ मध्ये कबूल केले.

शोधासाठी डकडकगो ठेवून पाहावे. इंग्रजीत त्याचे निकाल बहुतेक कामांना पुरतात. ते बव्हंशी मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, हेही माहीत असावे. मराठीत आणि गावच्या दुकान-दवाखान्यांच्या शोधात ते लंगडे पडते, हे मान्यच करायला हवे. अशा वेळी फायरफॉक्समधूनच, लॉगिन नसताना, गूगलवर शोधले तरी काही बिघडत नाही. शिवाय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलचा शोध आपल्या ब्राउझरमध्ये ठेवल्याबद्दल गूगलकडूनच येते, ही गंमत नजरेआड करू नये. अशा पहिल्या जागेसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात ॲपल वगैरे सगळ्यांना मिळून २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली, असे वॉशिंग्टनच्या न्यायालयातल्या मक्तेदारीच्या खटल्यात पुढे आले. फोन हातात घेताच समोर जे दिसते तेच माणूस वापरतो, याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी? तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन पहिला पर्याय बदलणे हे किरकोळ काम समजू नये.

ज्या सेवा सोडायच्या नाहीत त्यांच्या सेटिंगमध्येही हात घालावा. गूगल खात्यात ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ बंद करता येते. बंद करायची नसेल तर तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. यूट्यूबच्या इतिहासाचेही तसेच. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्स’ या ठिकाणी जाहिरातींचा ओळख-क्रमांक काढून टाकता येतो. निरनिराळी ॲप्स याच क्रमांकावरून एकमेकांतली माहिती जुळवतात. एओएलच्या प्रकरणातला क्रमांक तो हाच, फक्त आता तो आपल्या खिशात असतो. व्हीपीएनच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. व्हीपीएन सुरू करून गूगलमध्ये लॉगिन केले तर गूगलला आपण कोण हे कळतेच.

पासवर्डचे काम ब्राउझरनंतर लगेच घ्यावे, कारण पुढचे प्रत्येक पाऊल त्यावर अवलंबून आहे. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. ती बिटवॉर्डनमध्ये घालावी. त्याचा कोड सर्वांना पाहायला खुला आहे आणि फुकट योजनाही रोजच्या वापराला पुरेशी आहे. क्रोममधून निघालेल्या त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, म्हणून काम होताच ती डाउनलोडमधून आणि मग कचरापेटीतूनही काढावी. बिटवॉर्डनचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो परत देऊ शकत नाही. ही त्रुटी नाही, त्याची रचनाच तशी आहे. पण रचना उत्तम म्हणून आपली आठवण उत्तम होत नाही. तो कागदावर लिहून मालमत्तेच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवावा आणि घरातल्या एका माणसाला कपाट माहीत असावे. आपल्या मागे घरच्यांना काहीच उघडता येत नाही, अशी वेळ येऊ देऊ नये.

मेलचा विषय सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबण्याचे कारण जीमेल चांगला आहे हे नसते. पत्ता सगळीकडे दिलेला आहे हे असते. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि कंपन्यांची ग्राहकावरची पकड एका झटक्यात सैल झाली. मेलला अशी सोय कुणी कायद्याने दिलेली नाही, पण ती स्वतःपुरती करून घेता येते. स्वतःच्या नावाचे डोमेन विकत घ्यायचे. ‘डॉट इन’ डोमेनला वर्षाला हजाराच्या आत-बाहेर खर्च येतो. मग त्या डोमेनवरचा आपला पत्ता हव्या त्या मेल कंपनीकडे चालवता येतो, आणि उद्या ती कंपनी आवडली नाही, महागली किंवा बंद पडली तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येते. माझ्या मते खासगीपणाच्या साऱ्या खटाटोपात पैसे खर्च करण्याजोगी एकच गोष्ट निवडायची तर ती ही. धोका एवढाच, की नूतनीकरण चुकले आणि डोमेन दुसऱ्या कुणी घेतले तर आपले बँकेचे मेल त्याच्याकडे जाऊ लागतील. म्हणून चार-पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत आणि मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्यासारखी लिहून ठेवावी.

डोमेन मिळाल्यावर मेल कुणाकडे चालवायचा, हा प्रश्न मागाहून येतो आणि तो तुलनेने सोपा होऊन येतो. प्रोटॉन आणि जर्मनीतली टुटा यांच्याकडे मेल अशा कुलपात राहतो की कंपनीलाही तो वाचता येऊ नये. चेन्नईची झोहो तसे कुलूप लावत नाही, पण जाहिरातींवर जगत नाही आणि मेलची सेवा व्यवस्थित देते. केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांचे मेल तिच्यावर चालतात. निवडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली: कुलूपबंद मेलची महती थोडी फुगवली जाते. समोरचा माणूस जीमेलवर असेल तर आपल्या पत्राची एक प्रत गूगलकडे राहणारच. शिवाय या कंपन्या कायद्याच्या वर नाहीत. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला होता. पत्रांतला मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो तिलाच वाचता येत नव्हता. दुसरी गोष्ट भारतीय वाचकाने विशेष पाहावी: एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल देशात बंद करण्याची कारवाई सुरू करण्याचे आदेश केंद्राला दिले होते. मे २०२३ मध्ये केंद्राने एलिमेंट, ब्रायर, थ्रीमा यांसह चौदा संदेश ॲप्स एका फटक्यात बंद केली. उद्या एखाद्या मेल कंपनीचे तसे झाले तर प्राप्तिकर खात्याचा, बँकेचा, डिमॅटचा पत्ता तिच्याच नावाचा असलेल्या माणसाचे हाल होतील. स्वतःच्या डोमेनवाल्याला फक्त मेल कंपनी बदलावी लागेल, संध्याकाळपर्यंत. पत्ता बदलण्याचा क्रम मात्र उलटा ठेवावा, असे मी सुचवेन. आधी वर्गणीची मासिके, खरेदीची संकेतस्थळे असे बिनमहत्त्वाचे. दोन-तीन महिने नवा पत्ता नीट चालतो अशी खात्री पटली की बँक, विमा, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, आणि सर्वांत शेवटी प्राप्तिकर.

फोटोंना घाई नको. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली आणि पंधरा जीबी भरल्यावर पैसे मागणे सुरू झाले, तेव्हापासून अनेकांना स्थलांतर सुचू लागले आहे. सामान बाहेर काढण्यासाठी गूगलचीच ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. ती मागणी नोंदवली की काही तासांनी किंवा दिवसांनी मेल येतो आणि डाउनलोडचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो. ज्यांच्या घरचा इंटरनेट हळू आहे त्यांनी एकच अगडबंब फाइल मागू नये, लहान तुकडे मागावेत. उघडल्यावर एक अडचण समोर येते: फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक बारीक मजकूर-फाइल असते आणि फोटो कधीचा, कुठला ही माहिती पुष्कळदा तिच्यात असते. नुसते फोटो उचलून दुसरीकडे टाकले तर २०१२ चे लग्न आजच्या तारखेला लागते. म्हणून त्या फाइली वाचू शकणारेच साधन निवडावे. गूगलमध्ये पूर्वी काम केलेल्या भारतीय अभियंत्याने सुरू केलेली ‘एन्टे’ ही सेवा टेकआउटचे सामान तारखांसकट आत घेते आणि फोटो कुलूपबंद ठेवते. दरमहा पैसे नको असतील तर दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक नातेवाइकाकडे. एकाच डिस्कवर सारी भिस्त ठेवणे मात्र गूगलपेक्षाही वाईट. डिस्क पडते, बिघडते, आणि गूगलसारख्या तिच्या चार ठिकाणी प्रती नसतात.

उरलेल्यांपैकी पैशांचे ॲप बदलणे हे सर्वांत सोपे काम आहे आणि ते फारसे कुणाला सुचत नाही. यूपीआयचे निम्म्याहून कितीतरी अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲप्समधून होतात. पण भाजीवाल्याकडचा क्यूआर कोणत्याही कंपनीचा असो, तो भीम किंवा आपल्या बँकेच्या ॲपनेही चालतो. यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि बँक प्रत्येक व्यवहारात असतातच. मधला एक गडी तेवढा कमी होतो. नकाशांचे तसे नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स इंटरनेटशिवाय चालते, सह्याद्रीतल्या पायवाटा पुष्कळदा छान दाखवते, पण पुण्यात संध्याकाळी सिंहगड रस्ता तुंबलाय का, हे त्याला कळत नाही. शहरात गाडी चालवणाऱ्याने गूगलचे नकाशे ठेवावेत आणि स्थानाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच द्यावी. मराठी टंकनासाठी केरळमधल्या स्वयंसेवकांच्या ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या गटाचा ‘इंडिक कीबोर्ड’ मराठीलाही चालतो. बोलून टाइप करण्याची सवय असेल तर गूगलच्या कीबोर्डची बरोबरी त्याला करता येत नाही. त्यासाठी हट्ट धरू नये.

व्हॉट्सॲपपाशी सगळ्या योजना अडतात. सोसायटी, शाळा, देवस्थान, गावकी, गॅस एजन्सी सगळे तिथेच; सोडणाऱ्याचीच गैरसोय. याला उत्तर म्हणून ते सोडा, असे मी सांगणार नाही. यूपीआयसारखा सामाईक नियम तिथे नाही, त्यामुळे एकट्याने निघून जाण्याला अर्थ नाही. मजकुरापुरते ते बरे आहे: २०१६ पासून संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नाहीत, आणि ते कुलूप सिग्नल या दुसऱ्या संदेश ॲपचेच आहे. पण कोण कुणाशी कधी, किती वेळा बोलतो ही नोंद कुलपाबाहेर राहते. सिग्नलचा फरक तिथे आहे. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी समन्स पाठवले तेव्हा सिग्नलकडे देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या, खाते कधी उघडले आणि शेवटी कधी जोडले गेले. तेव्हा घरातली माणसे, जिवाभावाचे मित्र, डॉक्टर, वकील एवढ्यांना सिग्नलवर आणावे. माणसे पाच-सहाच असल्याने ते जमते. ग्रुप राहू द्यावेत व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळे कुलूप लावावे लागते, ते सेटिंगमध्ये जाऊन लावावे. नाहीतर इतके जपलेले संदेश गूगल ड्राइव्हवर त्या कुलपाविना पडून राहतात.

इथे स्वदेशीचा मुद्दा हमखास निघतो. २०२५ च्या सप्टेंबरात झोहोच्या ‘अरट्टै’ या संदेश ॲपवर लोकांची झुंबड उडाली. कंपनी आपली आहे ही चांगलीच गोष्ट; पण त्या वेळी त्यातल्या संदेशांना व्हॉट्सॲपसारखे एंड-टू-एंड कुलूप नव्हते. कंपनी कुठली हा एक प्रश्न आणि तिला आपले काय वाचता येते हा दुसरा. नायराच्या प्रकरणासारख्या संकटात पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडते, रोजच्या खासगीपणात दुसऱ्याचे. दोन्हींची गल्लत करून पर्याय निवडू नये. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. त्याने मदत होईल. सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत, हे मात्र त्याची तारीफ करणाऱ्यांनी वाचावे.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो टोलवण्याजोगा नाही. गूगलकडे खाते चोरांपासून वाचवण्याची जी यंत्रणा आहे ती लहान कंपन्यांकडे नसते. फसवणुकीचे मेल ओळखण्यात जीमेल बहुतेकांपेक्षा सरस आहे. म्हणून घरी स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याच्या फंदात पडू नये, कुणा अनोळखी फुकट सेवेकडे जाऊ नये, आणि घरातल्या वृद्धांचा जीमेल केवळ तत्त्वासाठी हिसकावून घेऊ नये. बिटवॉर्डन असो की प्रोटॉन, दुहेरी पडताळणी लावल्याशिवाय जुने दार बंद करू नये. पैशांचा आक्षेपही खरा आहे: जाहिरातींवर न जगणाऱ्या सेवेला कुणीतरी पैसे द्यावे लागतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी फायरफॉक्स, बिटवॉर्डन, सिग्नल, ऑरगॅनिक मॅप्स, भीम एवढे फुकट आहे, आणि जोड तोडण्याचे निम्मेअधिक काम एवढ्यातच होते.

सगळे नव्या जागी लागले तरी जुने जीमेल खाते पुसू नये. पुढची दोन-तीन वर्षे त्यावरचे मेल नव्या पत्त्याकडे वळवून ठेवावेत. आपण कुठे पत्ता द्यायला विसरलो, ते यातूनच कळते. कुठली तरी विसरलेली पॉलिसी, जुने पेन्शन खाते, दहा वर्षांपूर्वीचा ट्रेडिंगचा लॉगिन हमखास निघतो. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे, म्हणून अधूनमधून त्यात लॉगिन करून यावे, आणि त्याचा पासवर्डही बिटवॉर्डनमध्ये ठेवावा.